संत्र्याची अपेरिटिफ वाइन घरी : कडू संत्रं मिळत नसेल तर काय घालावं?

खानापूर_रोड

फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात पांढऱ्या किंवा रोझे (गुलाबी) वाइनमध्ये कडू संत्री, साखर आणि थोडी कडक दारू घालून महिना-सव्वा महिना मुरवतात. जेवणाआधी थंड करून घ्यायचं हे पेय घरी करायचंय. नाशिकची चेनिन ब्लांक ही पांढरी वाइन, साधी, १२.५ टक्केवाली, दोन बाटल्या आणल्यात. अडचण फळाची. ते सेव्हिल जातीचं कडू संत्रं बेळगावच्या बाजारात दिसत नाही, नागपुरी संत्रं आणि मोसंबीच मिळते. नुसत्या नागपुरी संत्र्यावर भागेल का? व्होडका किती घालायची? आणि पाच लिटरची प्लास्टिकची बरणी घरात आहे, ती चालेल का?

टिळकवाडी

प्लास्टिक नको. सालीतल्या तेलात लिमोनीन असतं, ते कित्येक प्लास्टिकना मऊ करतं आणि बरणीचा वास पेयात उतरतो. काचेचीच घ्या, तीही दोन लिटरची. पाच लिटरच्या बरणीत दोन लिटर माल म्हणजे वर तीन लिटर हवा. त्या हवेनं वाइन तपकिरी पडते, चिरलेल्या सफरचंदासारखा वास मारते.

नागपुरी संत्र्यात सुगंध भरपूर, पण कडूपणा जवळजवळ नाही. नुसतं तेच घातलंत तर गोड सरबताच्या अंगानं जातं. कडूपणा पपनसातून घ्या, बाजारात चक्कोत म्हणून मागा. सालीखालचा पांढरा मऊ गर कडू असतो, तो त्यातल्या नरिंजिन या कडू द्रव्यामुळे. सेव्हिल संत्र्याच्या कडूपणातही नरिंजिनचा मोठा वाटा आहे, म्हणून ही जोडी जमते.

दोन बाटल्यांना, म्हणजे दीड लिटर वाइनला : चार पिकलेल्या संत्र्यांची आणि एका कागदी लिंबाची वरची पातळ साल, पपनसाचा पांढरा गर १५ ग्रॅम, खडीसाखर १५० ग्रॅम, ४२.८ टक्क्यांची साधी व्होडका ३०० मिली, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. व्हॅनिलाची शेंग मिळाली तर अर्धी, इसेन्स मात्र नको.

फळांवर मेणाचा थर असतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशनं घासा, धुवा, पूर्ण कोरडी करा. बटाटे सोलायच्या सोलण्यानं साल काढा, संत्र्याचा पांढरा भाग येऊ देऊ नका. साल आणि दालचिनी आधी नुसत्या व्होडकात चार-पाच दिवस ठेवा. तेल जास्त अल्कोहोलमध्ये चांगलं सुटतं, आणि तोवर वाइन बाटलीत बंद राहते. मग गाळून वाइन, साखर आणि पपनसाचा गर त्यात मिसळा. तिसऱ्या दिवसापासून रोज चमचाभर चाखा, कडूपणा हवा तेवढा आला की गर लगेच काढा. कडूपणा वाढवता येतो, कमी करता येत नाही.

निपाणी_चिकोडी

प्रोव्हान्समध्ये अख्खी फळं फोडी करून घालतात, रसासकट. तेच मूळचं. साल तेवढी काढून फळ बाजूला ठेवलं तर चव अर्धीच येते. आणि साखरेऐवजी आपल्याकडचा गूळ घाला की, रंग पण झकास येतोय.

टिळकवाडी

रसाचा हिशेब करून बघा. दीड लिटर वाइनमधलं अल्कोहोल १८७ मिली, ३०० मिली व्होडकातलं १२८, मिळून ३१५. साखर विरघळून साधारण ९० मिली जागा घेते, एकूण १८९० मिली. म्हणजे १६.७ टक्के. चार संत्र्यांचा अडीचशे मिली रस त्यात मिसळला की ते १४.७ वर येतं, आणि रसाबरोबर फळावरचं यीस्टही आत जातं. साखर आहे, यीस्ट आहे आणि अल्कोहोल कमी, मग बाटलीत पुन्हा आंबायला लागतं आणि बूच उडतं. फोडी घालायच्याच असतील तर व्होडका ४०० मिली करा, १६ च्या आसपास जाल. फोडी बुडलेल्या राहिल्या पाहिजेत, वर तरंगणाऱ्या फोडीवर बुरशी धरते. बियाही सगळ्या काढा.

गूळ मला पटत नाही. त्यातली माती आणि खनिजं पेय गढूळ करतात, आणि त्याची उग्र चव सालीच्या वासावर बसते. संत्र्याचा वास हाच इथं मुद्दा आहे.

खानापूर_रोड

मोठी मदत झाली. व्होडकाचा अर्क वाइनमध्ये ओतला की दुधाळ होतो असं ऐकलंय. म्हणजे बिघडलं का?

अथणी_द्राक्षबाग

बिघडत नाही. व्होडकात विरघळलेलं सालीचं तेल अल्कोहोल १६-१७ वर आलं की बाहेर पडतं, त्याचा तो ढग. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग न हलवता वरचं निवळ नळीनं दुसऱ्या बाटलीत घ्या आणि कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. नुसतं मलमल पुरत नाही. थोडा धूसरपणा राहिला तरी चालतंय. मिश्रण तापवू मात्र नका, फळातल्या पेक्टिन या चिकट पदार्थामुळे जो गढूळपणा येतो तो निघत नाही आणि वासही उडतो.

मुरवायची जागा अंधारी आणि गार हवी. बेळगावात डिसेंबर-जानेवारी त्यासाठी उत्तम. आमच्या अथणीकडं एप्रिलच्या उन्हात बरणी स्वयंपाकघरात ठेवली तर सालीच्या तेलाला टर्पेंटाइनसारखा वास येतो. तेव्हा करायचंच असेल तर सगळं फ्रिजमध्येच, थोडे दिवस जास्त लागतील.

गाळल्यावर बाटल्या गळ्यापर्यंत भरा आणि तीन आठवडे हात लावू नका, ताज्या गाळलेल्यात व्होडका वेगळी लागते. फोडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवा. घेताना ६० मिली, भरपूर बर्फ, थोडा सोडा.

आणि व्होडका इथल्याच दुकानातून घ्या. स्वस्त पडते म्हणून गोव्याची बाटली परमिटशिवाय चोर्ला घाटातून आणली तर नाक्यावर अडकाल. केलेलं विकायचंही नाही, त्याला परवाना लागतो.