फॉक्सप्रो रिलेशनल आहे का? खरा रिलेशनल डेटाबेस कशाला म्हणायचं?

जुना_फॉक्सप्रोवाला:
मंडळी एक शंका. आमच्याकडच्या पतपेढीचं सॉफ्टवेअर अजून डॉसच्या फॉक्सप्रोत (जुना डेटाबेस प्रोग्राम) चालतंय, आता ते मायएसक्यूएल ह्या डेटाबेसवर न्यायचंय. सोबतचा पोरगा म्हणतो फॉक्सप्रो रिलेशनल नाहीच, नुसत्या फायली आहेत. अरे पण त्यात सेट रिलेशन नावाची कमांडच आहे की! खातं उघडलं की त्याचे व्यवहार आपोआप समोर, टेबलं आहेत, इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) आहे, अजून काय पाहिजे? रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडचे नियम वाचायला घेतले तर निम्मे डोक्यावरून गेले.

क्वेरीवाली:
दादा, पोरगा बरोबर बोलतोय. सेट रिलेशन काय करते, तर मेन टेबलचा पॉइंटर (आत्ता कुठल्या रेकॉर्डवर आहोत ती खूण) हलला की दुसऱ्या टेबलचा पॉइंटर जुळणाऱ्या रेकॉर्डवर नेऊन ठेवते, बस. पुढे डू व्हाइल, स्किप, स्किप करत एकेक रेकॉर्ड तुम्हीच चालताय, आणि कुठला इंडेक्स चालू आहे हेही तुमच्या प्रोग्रामलाच ठाऊक पाहिजे, चुकीचा इंडेक्स लागलेला असला की सीक (शोधायची कमांड) गंडलाच.

एडगर कॉडने १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजेच्या लॅबमधून पेपर लिहिला तो नेमका ह्याच दुखण्यावर. त्यावेळी आयबीएमच्याच आयएमएससारख्या डेटाबेस सिस्टीममध्ये डेटा झाडासारखा मांडलेला असायचा आणि वरून खाली कसं जायचं ते प्रोग्रामरने सांगायचं, मांडणी बदलली की प्रोग्राम बोंबलले. कॉडचं म्हणणं, काय हवंय तेवढं सांगा, कुठल्या वाटेने आणायचं ते सिस्टीम बघेल. टेबलाचं नाव, प्रायमरी की ची (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणाऱ्या कॉलमची) किंमत आणि कॉलमचं नाव, एवढ्यावर कुठलीही नोंद सापडली पाहिजे. रेकॉर्ड नंबर वगैरे भानगड नको.

सर्व्हर_सांभाळणारा:
+१. कॉडचे ते नियम १९८५ ला कॉम्प्युटरवर्ल्ड ह्या साप्ताहिकात आले, कारण तोवर जो तो जुन्याच मालावर रिलेशनलचं लेबल लावून विकायला लागला होता. म्हणायला १२ पण शून्य धरून १३ आहेत. सगळे पाठ करत बसू नका, तुमच्यासाठी शेवटचा बघा: खालच्या लेव्हलच्या कोडने मागच्या दाराने शिरून नियम मोडता येता कामा नये. डॉसच्या फॉक्सप्रोत नियम ठेवायला जागाच नाही, सगळे प्रोग्रामात. ब्राउज (टेबल थेट दाखवणारी खिडकी) उघडून कोणीही काहीही टाकतो. इंडेक्सला युनिक लावलंत तरी डबल खाते नंबर अडत नाही बरं का! नोंद टेबलात जातेच, फक्त इंडेक्समध्ये पहिलीच दिसते. वर्षानुवर्षं कळत पण नाही.

तिरकस:
मग मायएसक्यूएल तरी कुठे सोवळं आहे 😄 कॉडच्या हिशेबात रिलेशन, म्हणजे टेबल, हा संच, आणि संचात तीच नोंद दोनदा येऊच शकत नाही. एसक्यूएलमध्ये (मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसची भाषा) प्रायमरी की नसलेलं टेबल करा आणि तीच रो दहा वेळा टाका, खुशाल घेतं. आणि नल, म्हणजे किंमतच नसलेला रकाना! 'एकही व्यवहार न केलेले सभासद' काढायला नॉट इन (यादीत नसलेले द्या) लावा, व्यवहारात एका ठिकाणी जरी सभासद नंबर नल असला तरी उत्तर शून्य रो. एरर नाही, वॉर्निंग नाही. अर्थात नल स्वतः कॉडलाच हवा होता, त्याचाच साथीदार, डेटाबेसवरचा लेखक क्रिस डेट मात्र नलच्या विरोधात. कडक माप लावलं तर आजचा एकही एसक्यूएलवाला पास होत नाही, सगळे ग्रेसवर.

क्वेरीवाली:
@तिरकस मान्य, पण प्रायमरी की आणि नॉट नल (रकाना रिकामा चालणार नाही) लावणं आपल्या हातात आहे ना, फॉक्सप्रोत तेवढीही सोय नव्हती. सगळे एकाच माळेचे मणी नाहीत.

जुना_फॉक्सप्रोवाला:
बरं पटलं. मग आता आधी काय करू?

सर्व्हर_सांभाळणारा:
मायएसक्यूएलमध्ये टेबलं साठवणारं इंजिन इनोडीबीच ठेवा. मायआयसॅम हे दुसरं इंजिन फॉरेन की (व्यवहारातला खाते नंबर खात्यांत असलाच पाहिजे असा नियम) गपचूप गिळतं आणि काहीच करत नाही. व्हर्जन ८.०.१६ किंवा पुढचं घ्या, त्याआधी चेक कन्स्ट्रेंटचीही (रकान्यात कुठली किंमत चालेल त्याची अट) तीच गत होती. डेटा आत घ्यायच्या आधी खाते नंबरवर ग्रुप बाय (सारख्या नोंदींचा गट) करून एकापेक्षा जास्त कुठे येतात ते काढा. आणि फॉक्सप्रोतून एक्स्पोर्ट करताना सेट डिलीटेड ऑन (डिलीटची खूण असलेल्या नोंदी लपवणारी कमांड) विसरू नका, नाहीतर डिलीट मारून पॅक न केलेली (फायलीतून कायमची न काढलेली) बंद खाती पण जिवंत होऊन येतील.