सल्ला हवा: वादळ आणि पुराआधी बडोद्यात स्प्लिट एसीची काय तयारी करावी?

समा_टेनामेंट:
नमस्कार मंडळी. समा भागात तळमजला अधिक एक असं टेनामेंट आहे. दीड टनाचे दोन इन्व्हर्टर स्प्लिट आहेत. खालच्या खोलीचं आउटडोअर अंगणात दीड फुटी स्टँडवर, वरच्याचं गच्चीवर. मे-जूनची वादळं आणि पुढे विश्वामित्री नदीचं पाणी, दोन्ही धरून आत्ता काय करून घ्यावं? मेकॅनिक म्हणतो, दोन्ही आउटडोअरना प्लास्टिकचं पूर्ण कव्हर घाला. घालू का?

रावपुरेकर:
पूर्ण कव्हर नको. आउटडोअर पावसात उभं राहायलाच बनवलेलं असतं, पावसाने त्याला काही होत नाही. प्लास्टिक गुंडाळलं की आत दमट हवा कोंडते, पत्रा गंजतो, आणि कोणी चुकून एसी लावला तर गरम हवा बाहेर पडायला वाट राहत नाही. फांद्या, कौलं यांची भीती असेल तर फक्त वरून झाकणारं टोपीसारखं कव्हर घ्या, पट्ट्याने घट्ट बांधा. आउटडोअरवर सावलीसाठी सुटा पत्रा ठोकला असेल तर तो आधी काढा. वाऱ्यात तोच पत्रा उडून जाळीत घुसतो.

गच्चीवरच्या युनिटचे चारही पाय स्टँडला बोल्टने आवळलेत का, ते स्वतः वाकून बघा. पुष्कळदा युनिट रबर पॅडवर नुसतं ठेवून दिलेलं असतं. बोल्टवर लॉक नट घाला, साधा नट थरथरीने सैल होतो. स्टँडसाठी स्लॅबला भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंग फुटून खालच्या खोलीत ओल उतरेल. स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवा आणि पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) बांधून टाका.

तांब्याची_नळी:
कव्हरबद्दल रावपुरेकरांशी सहमत. तुमचा खरा प्रश्न अंगणातलं युनिट आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीची पातळी 35 फुटांवर गेली होती, तिथे दीड फुटी स्टँड काय पुरणार? त्या पुराची खूण आसपासच्या भिंतींवर शोधा, तिच्या वर किमान एक फूट धरा आणि आउटडोअर भिंतीवर ब्रॅकेटवर घ्या. ब्रॅकेट शक्यतो आरसीसी बीमला किंवा कॉलमला लावा. विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) कालांतराने सरकतात. तिथेच लावायचं असेल तर आरपार बोल्ट आणि आतून पट्टी घ्या. छज्ज्यावर ठेवणार असाल तर मेकॅनिकचं वजनही छज्ज्यालाच पेलायचंय हे लक्षात घ्या.

हलवताना मेकॅनिककडून पंप डाउन, म्हणजे सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून बंद करणं, करून घ्या. एसी फोर्स कूलिंगवर (सतत थंड करण्याच्या सेटिंगवर) चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा, जाड नळीच्या पोर्टवर गेज लावायचं, काटा शून्याजवळ आला की जाड व्हॉल्व्हही बंद करून लगेच वीज तोडायची. रेंगाळलं तर सैल फ्लेअरमधून (नळीच्या पसरवलेल्या तोंडाच्या जोडातून) हवा आत ओढली जाते, आणि कॉम्प्रेसरमध्ये हवा, तेल आणि दाब एकत्र आले तर तो फुटूही शकतो. हे काम घरी करून बघू नका. पुन्हा जोडताना फ्लेअर नवे पाडायचे, व्हॅक्यूम पंप किमान 15-20 मिनिटं चालवायचा. ‘गॅस सोडून हवा काढतो’ म्हणणाऱ्याला थांबवा, नळीतली ओल तशीच राहते. एसीतला आर-32 गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून शेजारी विडी-सिगारेट नको. पाइप लांबला तर वाढीव मीटरमागे किती गॅस घालायचा ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. त्याप्रमाणे वजन काट्यावर मोजूनच भरावा.

दांडियाबाजार_वायरमन:
सगळे पाण्याबद्दल बोलताहेत, पण लाइट परत येते तेव्हा पीसीबी (एसीतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जास्त जळतात. झाड पडून लाइनची न्यूट्रल तुटली की सिंगल फेजच्या घरात 230 च्या जागी 350-400 व्होल्ट येऊ शकतात. एसपीडी (सर्ज प्रोटेक्टर) हे थांबवत नाही, तो वीज कोसळल्यावर येणाऱ्या क्षणिक झटक्यासाठी असतो. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा, वरची मर्यादा 270 च्या आसपास ठेवा. एसीला स्वतंत्र एमसीबी (बोर्डातला ब्रेकर) हवा. वादळाचा इशारा आला की तो खाली पाडा, रिमोटने बंद करून भागत नाही. लाइट आल्यावर 10-15 मिनिटं थांबून, पंखे-दिवे नीट चालताहेत असं बघून मगच वर करा. आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या ब्रेकरचं) टेस्ट बटण दाबून तो पडतो का तेही तपासा.

भिंतीच्या भोकात शिरण्याआधी वायर आणि पाइपला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं असावं आणि पुट्टीने बंद असावं. पावसात पाली त्याच वाटेने येऊन पीसीबीवर चिकटतात आणि शॉर्ट करतात.

समा_टेनामेंट:
फार उपयोगी पडलं, आभार. समजा, युनिट हलवण्याआधीच पाणी आलं तर?

तांब्याची_नळी:
अंगणात पाणी चढायला लागताच एमसीबी पाडा. बोर्डापाशी पाणी साठलं असेल तर मात्र हात लावू नका, वीज कंपनीला (एमजीव्हीसीएल, पूर्वीची जीईबी) फोन करून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्या. पाणी ओसरल्यावर ‘एकदा लावून बघू’ हे अजिबात नको. कॉम्प्रेसर सीलबंद असतो, तो बहुधा वाचतो. गाळ बसतो तो पीसीबी, फॅन मोटर आणि कनेक्टरवर, आणि ओला पीसीबी वीज देताक्षणी जातो.

दोन-तीन दिवसांत पॅनेल उघडून साध्या पाइपच्या हलक्या धारेने, आतून बाहेर असा गाळ धुऊन काढा. वाळला की तो फिनमध्ये (जाळीमागच्या पातळ पत्र्यांत) घट्ट बसतो. प्रेशर वॉशरने फिन वाकतात. मग कॉम्प्रेसरची टर्मिनल पीसीबीपासून सुटी करून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) बॉडीशी मोजायची. 1 मेगाओहमच्या खाली आलं तर चालू करायचं नाही. पीसीबी जोडलेला ठेवून मेगर मारला तर तो तिथेच जळतो, हे मेकॅनिकला आठवण करून द्या. पाइपवरचा फोम काढून नवा घाला. त्याखाली अडकलेला चिखल तांबं खातो.

रावपुरेकर:
खालच्या खोलीचा ड्रेन पाइपही बघून ठेवा. त्याचं टोक साठलेल्या पाण्यात बुडलं की हवा अडते आणि पाणी इनडोअरमधून भिंतीवर उतरतं. टोक जमिनीपासून फूटभर वर कापा.