पार्किंगमधला ऑर्गन आणि त्यातलं 'सोनं'

*शनिवार*

सुलभाताई (बी-101), 9:12: नमस्कार. ह्यांचा जुना इलेक्ट्रिक ऑर्गन पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली आहे, तो काढायचा आहे. भंगारवाला पंधराशे म्हणाला, तेही चार माणसं आपली. कोणाला हवा असेल तर कळवा.

मधुकर (सेक्रेटरी), 9:20: ताई, आभारी आहोत. दोन वर्षांपासून सांगतोय 🙏

रोहन (बी-402), 9:31: थांबा थांबा, भंगारात देऊ नका! हा व्हिडिओ बघा. अमेरिकेत लोक असले ऑर्गन फोडून आतल्या तारांमधून सोनं काढतात. आपण गच्चीवर करू. ॲसिड मी आणतो. निम्मं ताईंचं, निम्मं सोसायटी फंडाला.

प्राजक्ता (बी-403), 9:33: गच्चीवर माझे पापड आहेत.

साळुंखे काका (ए-203), 9:58: रोहन, व्हिडिओ पाहिला. आम्ही विट्याचे, तीन पिढ्या गलाईत, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात. मी स्वतः कोईमतूरला तीस वर्षं मूस धरली. तो माणूस काढतोय ते सोनं नाही, तार पांढरी आहे बघ.

रोहन, 10:01: मग चांदी?

साळुंखे काका, 10:04: खाली जाऊन बघतो.

साळुंखे काका, 11:26: मागची फळी काढली. कंपनीचं नाव हॅमंड. एका तुटक्या तारेचं टोक घेऊन घरी तेजाबाचा, म्हणजे नायट्रिक ॲसिडचा, थेंब टाकला. चांदी असती तर थेंब पांढरा राहिला असता आणि मिठाच्या पाण्यात दह्यासारखा फुटला असता. इथे तांबूस-तपकिरी रंग सुटला. पॅलेडियम आहे, प्लॅटिनमच्या जातीचा धातू.

रोहन, 11:27: पॅलेडियम!!! 2020 ला ते सोन्यापेक्षा महाग होतं काका 🤑

साळुंखे काका, 11:35: महाग असेल, पण आहे किती ते बघ. तार साधीच, पट्टी दाबल्यावर खालच्या दांडीला टेकणाऱ्या टोकालाच फक्त तो धातू. टोकाला एक मिलिग्रॅम धरला तरी हजार टोकांचा मिळून एक ग्रॅम. खालच्या दांड्यांवर थोडा जास्त. आणि आमच्या भट्टीत सोनं 1064 अंशाला वितळतं, याला 1555 लागतात. आजोबांनी असली कांडी वितळत नाही बघून 'कच्ची आहे' म्हणून परत केली असती.

लिओ अंकल (सी-301), 11:41: हॅमंड?? आपल्या पार्किंगमध्ये? कोणी हात लावू नका, मी येतो!

मधुकर, 11:43: अंकल, माझी गाडी निघू द्या आधी.

लिओ अंकल, 12:50: बघितला. खरा आहे. दोन ओळी, 61-61 पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली नऊ तारा. म्हणजे 1098 टोकं. पट्टी दाबली की नऊच्या नऊ एकदम टेकतात. कॉन्टॅक्टमधून जाणारा सिग्नल इतका बारीक की चांदीवर आपल्या ताटासारखा काळा थर चढला असता तर प्रत्येक सुराला करकर आली असती. पॅलेडियम काळं पडत नाही, म्हणून घातलंय. बाजूला एक स्क्रू आहे, तो फिरवला की दांड्या किंचित सरकतात आणि तारा कोऱ्या जागेवर टेकतात. एक ओळ मी सरकवून दिली.

रोहन, 12:53: डावीकडच्या पट्ट्या उलट्या रंगाच्या का? कोणी चुकून काळ्याच्या जागी पांढऱ्या लावल्यात?

लिओ अंकल, 12:55: नाही रे बाबा 😄 त्या बारा वाजवायच्या नसतात, आवाज निवडायच्या असतात.

सुलभाताई, 13:10: हे मर्चंट नेव्हीत होते, 1979 ला अमेरिकेहून आणला. 110 चा ट्रान्सफॉर्मर लावूनही इथे कधी नीट वाजला नाही. गाणं नेहमी खालच्या पट्टीत. म्हणायचे, माझा कानच बिघडला.

लिओ अंकल, 13:22: कान ठीक होता ताई! आत मोटर आहे, ती सूर काढणारी चाकं फिरवते, आणि वीज जितकी धडधडेल तितकीच फिरते. लॉरेन्स हॅमंड मुळात विजेची घड्याळं बनवायचे, 1935 ला तीच युक्ती ऑर्गनला लावली. अमेरिकेत 60 हर्ट्झ, म्हणजे वीज सेकंदाला 60 वेळा धडधडते, तिथे मिनिटाला 1200 फेरे. आपल्याकडे 50, म्हणजे 1000 च. त्यामुळे कोमल गंधार दाबला की सा ऐकू येतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही.

सुलभाताई, 13:25: चाळीस वर्षं मी त्यांना टोमणे मारले.

प्राजक्ता, 13:31: मग ॲसिडचं काय ठरलं?

साळुंखे काका, 13:40: काही ठरलं नाही. तेजाब उकळलं की तपकिरी धूर निघतो, तो छातीत जातो. लगेच कळत नाही, रात्री धाप लागते. आमच्या धंद्यात कितीतरी जणांची छाती गेली, रे. आणि ॲसिडसाठी देशील तेवढे तरी पैसे सुटतील का, हिशोब कर. तार काढायला दोन दिवस, तेजाब, गाळणी, मग विकायला कोण घेणार? सराफ तर विचारणारच नाही.

मधुकर, 13:44: शिवाय ई-कचरा नियम 2022 प्रमाणे हे नोंदणी असलेल्यानंच करायचं असतं. गच्चीवरचा विषय बंद.

रोहन, 13:46: ओके. मी फक्त विचारलं.

*रविवार*

लिओ अंकल, 10:15: ताई, मोटर जाम आहे कारण वर्षानुवर्षं तेल नाही. वर नरसाळी आहेत, तिथून तेल धाग्यांवरून प्रत्येक बेअरिंगला जातं. काका, शिवणयंत्राचं तेल चालणार नाही, चिकट होतं. मी वांद्र्याच्या एका मित्राकडून बरोबरचं मागवतो.

साळुंखे काका, 10:18: मी थोडं टाकलं होतं काल. सॉरी.

लिओ अंकल, 10:19: 😐

*पुढचा रविवार*

लिओ अंकल, 17:02: चालू! आधी 'स्टार्ट' आठ सेकंद धरायचं, मग 'रन'ही दाबून चारेक सेकंद दोन्ही धरायची, आणि मग 'स्टार्ट' सोडायचं. मधे सोडलं तर चाकं थांबतात. आतली 91 चाकं फिरतात तो आवाजच सुंदर आहे. वरच्या ओळीत दोन पट्ट्या थोड्या मुक्या आहेत, नऊपैकी एकेक तार टेकत नाही. काकांनी तपासणीला नेलेली तार त्यातलीच.

साळुंखे काका, 17:05: टोक तेजाबात गेलं. बदली कुठे मिळेल?

रोहन, 17:09: त्या व्हिडिओवाल्याला विचारू का? त्याच्याकडे डबाभर आहेत.

मधुकर, 17:11: पार्किंग कधी रिकामं होणार, ते कोणी सांगेल का?