युरोपात पाच आठवडे: कुकर न्यावा की हॉटेलात जेवावं?

कोकम_आगळ
मे-जूनमध्ये आम्ही दोघं रोमपासून लिस्बनपर्यंत, जमेल तिथे रेल्वेनं आणि नाही तिथे बसनं, पाच आठवडे फिरून आलो. निघण्याआधी घरात वाद एकाच गोष्टीवरून झाला, छोटा कुकर न्यायचा की नाही. बहिणीच्या मते रोज बाहेर खाऊन आमचं दिवाळं निघणार होतं आणि पोटही. कुकर नेला नाही. आता माझं मत पक्कं झालंय, हवं तर फाडा: लांबच्या सहलीत दिवसातून एकदा तरी हॉटेलात बसून, सावकाश, पोटभर जेवावं. तेही दुपारी. वेळ कमी पडला तर एखादं म्युझियम गाळा, जेवण नको.

दुपारीच का, ते स्पेनमध्ये लगेच कळतं. तिथे 'मेनू देल दिआ' नावाची सोय असते. आधी एक ताट, मग दुसरं, शेवटी गोड नाहीतर कॉफी, शिवाय पाव आणि पाणी किंवा वाइन. साधारण १३ ते १५ युरोत. रात्री त्याच हॉटेलात तेवढ्या पैशात एखादीच डिश येते.

कोर्दोबात पहिलं ताट साल्मोरेहोचं होतं. टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वाटून गार केलेलं दाट सूप, वर उकडलेल्या अंड्याचे तुकडे. बायको दोन चमचे खाऊन म्हणाली, "सारच आहे हे, फक्त फोडणी द्यायला विसरलेत." नंतर वाडगा पावाने पुसून खाल्ला तिने.

आणि लिस्बन. जूनमध्ये, संत अँटनीच्या सणाच्या सुमारास, आल्फामाच्या गल्ल्यांत कोळशावर सार्डिन भाजतात. मासा पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून देतात. मासा संपेपर्यंत त्याची सगळी चरबी पावात मुरलेली असते, खरा घास तो. आपला 'पाव' हा शब्द यांच्याच 'पांव'वरून आलाय, हे माहीत होतं. त्या दिवशी पटलं.

खडूस_काकू
दोघंच आहात, वर मुलं मोठी झालेली, म्हणून हे सुचतंय. आम्ही चौघं होतो. तुमच्या त्या 'स्वस्त' दुपारच्या जेवणाचे आमचे ६० युरो झाले असते, म्हणजे सहा हजारांच्या आसपास. रोज? त्यात धाकटा पहिल्या ताटातच पेंगतो. आम्ही अपार्टमेंट घेतलं, बाजारातून टोमॅटो, चीज, पीच आणले आणि रात्री खिचडी. मुलांना आजही तो पीच आठवतो.

शिवाय हॉटेलवाल्यांची लबाडी वेगळीच. पोर्तुगालमध्ये बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज समोर आलं. आम्ही आपले कौतुकाने खाल्लं. बिलात प्रत्येकाचे पैसे!

कोकम_आगळ
काकू, ती लबाडी नाही, तिथली रीतच आहे. 'कुवेर' म्हणतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, पैसे पडत नाहीत. इटलीत माणशी 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लावतात, तो मात्र टळत नाही. गंमत म्हणजे रोम ज्या प्रांतात येतं तिथे कोपेर्तोला कायद्याने बंदी आहे, म्हणून तिथे पावाचे पैसे लावतात. माणूस सगळीकडे सारखाच.

नुसतीच_भटकंती
धाग्याला +१००. पॅरिसला जाऊन पनीर बटर मसाला खाणाऱ्या ग्रुप टूरवाल्यांना हे वाचायला द्या.

तूपसाखर
द्या ना, मी वाचतेय. सासूबाईंना घेऊन गेले होते, वय ७१, जन्मभर शाकाहारी. त्यांनी कुठे सावकाश जेवायचं? स्पेनमध्ये हिरव्या शेंगांची भाजी मागवली तर त्यात हॅमचे तुकडे. वेटरच्या मते ते मांस नव्हतंच, 'चवीपुरतं' होतं. इटली सोपी असं सगळे सांगतात, पण अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध थिजवणाऱ्या रसाने, विरजतात आणि रोमचं पेकोरिनो चीज कोकराच्या. हे कळल्यावर त्यांनी पास्ताही सोडला. दिवसभर चालून थकल्यावर संध्याकाळी पानात आलेला जिरा राईस आणि पिवळी डाळ बघून त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलंय. तो पनीर मसाला वाईटच होता, मान्य. पण हसू नका.

कोकम_आगळ
पटलं. फक्त रोमच्या ज्यू वस्तीतला आर्टिचोक (भाजी म्हणून खातात ती फुलाची जाड कळी) त्यांना मिळायला हवा होता. अख्खा तेलात तळतात, पाकळ्या कमळासारख्या उमलतात आणि कुर्रकन मोडतात. त्यात चीज नाही, काही नाही. मे नंतर मात्र हंगाम संपतो.

राईनकाठचा
बारा वर्षं जर्मनीत आहे, माझा आक्षेप वेगळाय. पाच आठवडे म्हणजे पस्तीस जेवणं. त्यातली किती आठवतात खरं सांगा? चार? रोज ठरवून बसलं की जेवणाचीही ड्यूटी होते. इथे पांढरा शतावरीचा कोंब एप्रिलपासून २४ जूनपर्यंतच मिळतो, नंतर शेतकरी काढणंच थांबवतात. म्हणून लोक त्याच्यावर तुटून पडतात. बारमाही असता तर कुणी विचारलं नसतं. माझं म्हणणं, चार दिवस बेकरीतल्या सँडविचवर काढा आणि पाचव्या दिवशी बसा.

कुकरवाल्यांनाही एक सूचना: रविवारी इथे दुकानं बंद असतात. शनिवारी तांदूळ आणला नाही तर कुकर नुसताच बघत बसा.

कोकम_आगळ
चार नाही, मी नऊ मोजली. पण मुद्दा लागला.

आता कबुलीच देतो. स्पेनच्या व्हॅलेन्सियात पाएया, म्हणजे तिथला पसरट कढईतला भात, खायला मुद्दाम दुपारीच गेलो, कारण तिथे ती दुपारचीच गोष्ट, रात्री खातात ते आमच्यासारखे पाहुणे. ससा, कोंबडी, शेंगा, तळाला लागलेली खरपूस खरवड, सगळं जसं हवं तसं. बायकोने अर्धी खाल्ली आणि चमचा ठेवला. म्हणाली, "छान आहे रे. पण शितं मोजता येतायत. मला आज मऊ भात हवाय." संध्याकाळी खोलीवरच्या पातेल्यात तांदूळ शिजवला, आणि तिने बॅगेच्या तळातून मेतकुटाची पुडी काढली. मला न सांगता आणलेली, तेवीस दिवस लपवलेली.

खडूस_काकू
म्हणजे कुकर नव्हता, मेतकूट होतं! आणि वर तूप?

कोकम_आगळ
लोणी आणून कढवलं. पातेलं जरा जळलं, घरमालकीणबाईंना सांगितलं नाही.