शब्दचर्चा: 'तेरी' आणि 'कोराँ' मराठीत कसे लिहावेत?

प्रश्न

उत्तर फ्रान्समधल्या लाँस या जुन्या कोळसाखाणीच्या गावावर लेख लिहिते आहे. तिथे 'तेरी' हा शब्द पावलोपावली येतो (लिहिताना शेवटी 'ल' असतो, पण तिथली माणसं तो बहुधा उच्चारत नाहीत). कोळशाबरोबर वर आलेला दगड वर्षानुवर्षं एका जागी ओतून झालेला डोंगर म्हणजे तेरी. 'टेकडी' म्हटलं तर ती निसर्गाची वाटते, 'ढिगारा' फारच किरकोळ. दुसरा शब्द 'कोराँ', खाणकामगारांच्या घरांची रांग. याला 'चाळ' चालेल का? आणि 'फोस'ला खाण म्हणावं ना?

प्रतिसाद

ढिगारा नकोच. लाँसला लागून असलेल्या लोस-आँ-गोएलच्या जुळ्या तेरी १४० मीटरच्या वर आहेत, आणि भोवती सगळा सपाट मुलूख. २०१२ मध्ये तो खाणप्रदेश जागतिक वारसा यादीत गेला, त्यात तेरीही आहेत.

आमच्या चंद्रपूर-घुग्घुसकडे खुल्या खाणीच्या मातीला सगळे 'ओबी' म्हणतात. तो शब्द मात्र इथे लावू नका. ओबी म्हणजे कोळशावरचा थर उकरून बाजूला टाकलेली माती. तेरी भुयारी खाणीची, कोळशातून निवडून, धुऊन वेगळा काढलेला दगड. त्यात थोडा कोळसा राहतोच. म्हणून काही तेरी आतून कित्येक वर्षं धुमसतात आणि काळा दगड भाजून विटकरी होतो. पहिल्यांदा 'खाणीतल्या दगडाचा डोंगर' असं सांगा, पुढे 'तेरी'च ठेवा.

प्रतिसाद

नुसतं 'चाळ' लिहिलंत तर मुंबईकराच्या डोळ्यांपुढे जिना, कठडा आणि सामाईक गॅलरी येईल. कोराँमधली घरं विटांची, भिंतीला भिंत लागून, पाठीमागे भाजीचे वाफे. 'बैठी चाळ' चपखल बसेल. पण घरं कंपनीच्या मालकीची असत, काम गेलं की घरही जाई. हे कुठल्याच मराठी शब्दात आपोआप येत नाही, त्यासाठी एक वाक्य खर्च करा ताई.

प्रतिसाद

'फोस'बद्दल जरा जपून. उभी विहीर, तिच्यावरचा लोखंडी मनोरा, भोवतालच्या इमारती हे सगळं मिळून फोस. प्रत्येकीला क्रमांक असे. लाँसमध्ये आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाची शाखा उभी आहे ती फोस ९ च्या जागेवर. पण जमिनीखाली अनेक फोस बोगद्यांनी जोडलेल्या होत्या. १० मार्च १९०६ ला 'कूरिएर' नावाच्या कोळसा कंपनीच्या खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला, तो या बोगद्यांतून शेजारच्या फोसमध्ये पसरला आणि १,०९९ माणसं गेली. तिथे प्रत्येक फोसला वेगळी 'खाण' म्हटलं, तर आग एका खाणीतून दुसऱ्या खाणीत कशी गेली ते वाचकाला कळणारच नाही. म्हणून मी सबंध जाळ्याला 'खाण' म्हणेन आणि फोसला 'खाणीचं तोंड क्र. ९' असं लिहीन.