ग्रुपवर राजकारण बंद केलं की माणसं जवळ येतात का?

खारघर_से१२:
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोकसभेच्या वेळी इतकी भांडणं झाली की अ‍ॅडमिनने राजकारण आणि धर्म दोन्ही विषय बंद केले. आता फक्त पाणी, लिफ्ट, पार्किंग. तेव्हापासून एक भांडण नाही. सगळ्या सोसायट्यांनी हेच करावं, एकोपा आपोआप येतो.

तलावपाळी:
दोनदा वाचलं आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. भांडण दिसत नाही म्हणजे एकोपा आला का? आमच्याकडेही हाच नियम झाला, तर महिन्याभरात दोन नवे ग्रुप निघाले, एकात एका बाजूचे, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूचे, आणि जे तोंडावर बोलायला लाज वाटायची ते तिथे बिनधास्त सुरू. जुन्या ग्रुपवर उरलं गुड मॉर्निंग आणि 'टँकर आला'. चौथ्या मजल्यावरचे चाचा वीस वर्षं पूजेचा मांडव बांधायला हात लावायचे, ते यंदा खाली उतरलेच नाहीत, आणि का ते कुणी विचारलं नाही, कारण विषय बंद!
भिवंडी आपल्यापासून किती लांब आहे? १९७० आणि १९८४ च्या दंगलींत तिथे काय झालं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. १९८८ मध्ये सुरेश खोपडे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. दोन्ही समाजातली साधी माणसं आणि पोलीस एकत्र बसायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं तिथेच मिटवायचे. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये मुंबई पेटली होती, भिवंडी शांत राहिली. त्यांनी माणसं गप्प नाही केली, समोरासमोर बसवली.

घोडबंदर_रोड:
भिवंडीचं उदाहरण इथे लागू होत नाही. एकतर त्या कमिट्यांमागे वर्दी होती. दुसरं, तिथे यंत्रमाग आहे. माग एकाचा, सूत दुसऱ्याचं, कापड घेणारा तिसरा, दंगल झाली की सगळ्यांच्या चुली बंद. आमच्या टॉवरमध्ये कुणाचं पोट कुणावर अवलंबून आहे? आणि एकोप्याच्या गप्पा मारायच्याच तर आधी भोंग्यांचं बोला. पहाटे झोपमोड माझी होते, समजूतदारपणा पण मीच दाखवायचा?

वाशीची_लेक:
भोंग्याचं निघालंच आहे तर डीजेचं पण निघू दे. दोन वर्षांपूर्वी आईच्या बायपासनंतर घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी विसर्जनाची मिरवणूक आमच्या गेटसमोर थांबली ती पाऊण तास. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या सरकत होत्या आणि आई उशी छातीशी घट्ट धरून बसलेली, कारण ठेका पडला की टाके ओढतायत असं तिला वाटायचं. मी खाली जाऊन हात जोडले तर आमच्याच विंगमधला मुलगा म्हणाला, "काकू, आधी मशिदीसमोर जाऊन सांगा." माझ्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो. त्या मुलाने लहानपणी आईच्या हातचे मोदक खाल्लेत.

घोडबंदर_रोड:
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण वर्षातले दहा दिवस आणि रोज पाच वेळा यात फरक आहे की नाही?

वाशीची_लेक:
माझ्या आईला रोज त्रास झाला नाही, त्या रात्री झाला. तुम्ही आवाज कानाने नाही, धर्म बघून मोजताय, आणि हाच माझा राग आहे.

घोडबंदर_रोड:
मला धर्म बघणारा म्हणायचं कारण नाही, तुम्ही मला ओळखत नाही!

कळवा_स्लो_लोकल:
अरे, नियम सगळ्यांना एकच आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, बस. आपल्या ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांनी यासाठी हायकोर्टात वर्षानुवर्षं लढा दिला, आणि २०१६ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की लाऊडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा मूलभूत हक्क नाही. कुठल्याच म्हणजे कुठल्याच.

कौसा_मुंब्रा:
मी मुसलमान आहे, मुंब्र्यात वाढलो. मुलीची दहावी होती आणि भोंगा तिच्या खिडकीकडे तोंड करून. मी जाऊन सांगितलं, आवाज कमी करा आणि तोंड फिरवा. तर ओळखीच्याच माणसाने सगळ्यांसमोर विचारलं, "तू नक्की कुणाच्या बाजूने?" तीनदा गेलो. तिसऱ्यांदा मुलीचं वेळापत्रकच घेऊन गेलो, वयस्कर ट्रस्टींनी चष्मा लावून ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी भोंगा फिरवला. पण पहिल्या दोन वेळेला जे ऐकलं ते विसरलो नाही. वाशीच्या ताईंना जे ऐकवलं तेच मला ऐकवलं, फक्त उलट्या बाजूने.

घोडबंदर_रोड:
हे मला माहीत नव्हतं. आतून पण कुणी जाऊन सांगतं असं कधी वाटलं नाही. ठीक आहे, एवढं मान्य. बाकी माझं मत तेच आहे, सहाच्या आधी भोंगा नको.

कौसा_मुंब्रा:
माझंही तेच आहे. दहाच्या नंतर डीजे नको, हे पण म्हणा.

घोडबंदर_रोड:
नको. झालं?

खारघर_से१२:
बघा, विषय काढला की भांडण. म्हणूनच बंद ठेवावा म्हणत होतो.

तलावपाळी:
विषय बंद असता तर मुंब्र्याच्या भावाचं वेळापत्रक आपल्याला कळलं असतं का? मी आज संध्याकाळी चौथ्या मजल्यावर जाणार आहे. मांडवाचं मीच विचारायला हवं होतं, दोन महिने नुसता बोलत राहिलो.

घोडबंदर_रोड:
वाशीच्या ताई, त्या मुलाशी नंतर काही बोलणं झालं का?

वाशीची_लेक:
नाही. लिफ्टमध्ये भेटतो तेव्हा मोबाईलमध्ये बघतो, आणि मी मजल्याचे आकडे बघते. तो काय बोलला ते आईला मी सांगितलेलं नाही. ती दर चतुर्थीला त्याच्या नावाचे पाच मोदक बाजूला काढते आणि विचारते, हल्ली येत कसा नाही गं तो.