पल्सर १५०: पुढचा टायर ८०/१०० की ९०/९०? बदलताना काय पाहायचं?

वर्धारोडवाला
पल्सर १५०, पुढे डिस्क, अलॉय, ट्यूबलेस. रोज सीताबर्डी ते हिंगणा एमआयडीसी. पुढच्या टायरची मधली नक्षी शाबूत आहे, पण कडेचे ठोकळे एकाआड एक खचलेत. ५०-६० च्या स्पीडला हँडलमध्ये घरघर येते. दुकानदार म्हणतो ९०/९० टाका, ग्रिप वाढेल. टाकू का? चाक घरी काढून फक्त टायर दुकानातून चढवून आणायचा विचार आहे.

कोनसेट
थांबा भाऊ, आधी ठोकळे का खचले ते पाहा. नाहीतर नव्या टायरचीही तीच गत होईल. असं खचणं बहुतेक कमी हवेमुळे किंवा पुढच्या भागातल्या ढिलाईमुळे राहते.

गाडी डबल स्टँडवर घ्या, एकाला मागची सीट दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. शॉकअपचे खालचे पाय धरून पुढे-मागे हलवा. वर मानेत टकटक लागली तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, ढिला. हँडल हळू फिरवताना बरोबर मध्ये अडकल्यासारखं झालं तर त्याच्या वाट्या खराब, बदलाच. चाक वर-खाली धरून आडवं हलवा. खेळ लागला तर बेअरिंग गेलं. ऑइल सीलमधून तेल गळत असेल तर तेही याच वेळी करून घ्या, चाक निघालेलंच राहते.

हवा गाडी थंड असताना, सकाळी मोजा. पुढे २५ पीएसआय. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर चालतो. नागपुरात हे फार होते.

रिमगेज
८०/१००-१७ च घ्या (८० मिमी रुंदी, उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १७ इंच). हिशेब करून पाहा: ८०/१०० चा बाहेरचा व्यास ५९२ मिमी, ९०/९० चा ५९४. उंचीत काही फरक नाही, फक्त रुंदी १० मिमी वाढते. टायर रुंद आणि रिम तेवढीच, म्हणून कडा आत ओढल्या जातात, माथा जास्त गोल होतो, हँडल जड लागते. ग्रिप रबरावर आणि त्याच्या वयावर जास्त ठरते.

वय बाजूवर छापलेलं राहते: चार आकडे, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दुकानाबाहेर उन्हात टांगलेला जुना माल घेऊच नका, रबर कडक होते. लोड-स्पीडचा कोड जुन्या टायरवर असेल तोच किंवा वरचा. ४६पी म्हणजे १७० किलो, १५० किमी. काही टायर पुढे-मागे दोन्हीकडे चालतात, त्यांच्यावर दोन बाण राहतात. 'फ्रंट' लिहिलेला बाण पाहा. पुढच्या चाकावर मुख्य जोर ब्रेकचा येतो, मागच्यावर ओढीचा, म्हणून दिशा उलटी.

डिस्कखाली_लाकूड
काढण्याबद्दल. एक्सलची नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. मग इंजिनखाली लाकूड द्या, सायलेन्सरच्या पाइपखाली नाही. स्पीडोची केबल किंवा वायर सोडवा. चाक निघाल्यावर पुढचा ब्रेक अजिबात दाबू नका, पॅडच्या मध्ये पुठ्ठा घाला. दाबला गेलाच तर पिस्टन बाहेर येतो आणि डिस्क आत जात नाही. चाक डिस्कवर आडवं ठेवू नका, वाकते.

दुकानात व्हॉल्व्ह नवा लावायला सांगा, स्वस्त वस्तू आहे. कडेला साबणपाणी, तेल-ग्रीस नाही. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर. ४० पीएसआयपर्यंत भरून दोन्ही कडा बसवायच्या, मग २५ वर आणायची. रिमजवळची बारीक रेष सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेली तर तिथे कड बसली नाही, चाक उसळेल.

लावताना स्पीडो ड्राइव्हचे (चाकाजवळचा, स्पीडोमीटरची केबल-वायर जोडलेला भाग) कान हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, खाचेत आणि बाहेरचा खाचा शॉकअपच्या उंचवट्यावर बसवा. नाही बसला तर नट कसताना ड्राइव्ह तुटते. नट पूर्ण कसण्याआधी गाडी जमिनीवर घेऊन ब्रेक धरून शॉकअप चार-पाचदा दाबा, दोन्ही पाय सरळ येतात. मग नट कसा.

वर्धारोडवाला
मानेत टकटक आहे. कोनसेटही घेतो. बॅलन्सिंग लागेल का?

कोनसेट
या स्पीडला गरज नाही. ७० च्या पुढे हँडल थरथरलं तर करा. आणि निघण्याआधी पुढच्या ब्रेकची लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. पहिले शंभर-दीडशे किमी वळणावर जास्त झुकवू नका, नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत राहते.